संध्याकाळची फेरी

नाझियाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हातांनी खिडकी ओढून घेतली. तरी कौलं थरथरलीच. कुंपणापलीकडच्या धावपट्टीवरून सरावाचं विमान उठलं आणि घराच्या डोक्यावरून गेलं.

“थांबा, जाऊ दे ते,” ती म्हणाली.

पलीकडे, शारजात, तिचा नवरा रशीद थांबला. विमान समुद्राकडे गेलं, वळलं, पुन्हा आलं. आवाज ओसरेपर्यंत आपण काय सांगत होतो ते ती विसरून गेली. त्याने अम्माच्या गोळ्यांची चौकशी केली, रुबिनाच्या दहावीची केली आणि साइटवरची गाडी आली म्हणून फोन ठेवला.

रोज हे असंच होई. पूर्वी तो रात्री जेवण झाल्यावर फोन करायचा. आधी त्याचं बोलणं व्हायचं आणि मग फोन नुसता धरून ठेवणं, दोघांपैकी कुणीच न ठेवणं. पावसाळ्यापासून त्याने संध्याकाळची वेळ धरली होती. रात्री खोलीत माणसं असतात, मोकळं बोलता येत नाही, म्हणायचा. व्हिडिओ तिकडे चालत नाही. म्हणजे नवऱ्याचा आवाज तेवढा तिच्या वाट्याला, आणि त्यातलाही अर्धा विमान नेई.

वाडीतल्या लोकांनी विमानतळाच्या अधिकाऱ्यांबरोबर शाळेत बैठक ठरवली तेव्हा नाझिया पहिल्यांदाच अशा ठिकाणी गेली. शेजारच्या यमुनाबाईंनी सांगितलं, म्हस पान्हा सोडत नाही. कुणी घराच्या भेगांचं काढलं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी दुहेरी काचांच्या खिडक्यांबद्दल समजावून सांगितलं. मग नाझिया उभी राहिली. दिवसा कितीही उडवा, पण तेवढी संध्याकाळची फेरी नको, असं तिने सांगितलं. संध्याकाळीच काय त्रास होतो, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, सासू बिछान्याला खिळलेली आहे, आवाजाने दचकून खाटेची कड धरते. मुलगी त्याच वेळी अभ्यासाला बसते. दोन्ही खरं होतं. तिसरं कारण तिच्या तोंडून निघालं नाही. ती पदर सारखा करून खाली बसली.

मग स्वरूप नावाचा एक तंत्रज्ञ येऊन पडवीत आवाज मोजायचं यंत्र लावून गेला. तो अधूनमधून येई, आकडे बघे, चहा घेई. भातं कापून झाली, मळ्या मोकळ्या झाल्या, आणि एक दिवस त्यानेच निरोप आणला. सोमवारपासून संध्याकाळचा सराव समुद्रावर होणार होता. यमुनाबाईंनी वाडीभर सांगितलं की हे आमच्या नाझियाने केलं.

नाझियाने रशीदला यातलं काहीच कळवलं नव्हतं. त्याला चकित करायचा तिचा बेत होता.

सोमवारी तिने स्वयंपाक लवकर उरकला. केस विंचरले, निळी ओढणी घेतली. बाहेरच्या खोलीत अम्माच्या, म्हणजे ताजबीच्या खाटेजवळ बसून तिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. फोन वाजला तसा तिने स्पीकर लावला. अम्मालाही लेकाचा आवाज मिळू दे.

“आज घाई नको,” ती म्हणाली. “आज सावकाश बोला.”

रशीद हसला. ऊन कमी झालंय इकडे, म्हणाला. तेवढ्यात सूर्य मावळला आणि मोहल्ल्यातल्या मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. अम्माने डोक्यावरून पदर घेतला. ती संपेपर्यंत तिघंही गप्प राहिली. बाहेर माडाच्या झावळ्या हलल्या, त्यासुद्धा ऐकू आल्या.

“बोला,” नाझिया म्हणाली.

तो साइटवरच्या नव्या मुकादमाबद्दल सांगू लागला. आणि त्याच्या आवाजामागे दुसरी अजान सुरू झाली. बारीक, दुरून येणारी, पण स्पष्ट.

नाझियाचा हात ओढणीवर थांबला. शारजात सूर्य इथल्यापेक्षा तासभर उशिरा मावळतो. इतक्या वर्षांत तिला त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाइतकंच पाठ झालं होतं. तिथे आता अजून ऊन असायला हवं होतं.

अजानीच्या वर कुणी बाई ओरडली, “पाणी आलं गे, पाणी आलं!” पाठोपाठ हंडे वाजले. तो आवाज नाझियाच्या ओळखीचा होता. मुंब्र्याला रशीदच्या मावसभावाच्या चाळीत ती लग्नाला राहिली होती. दिवेलागणीला नळ येई आणि सगळ्या बायका अशाच धावत.

रशीदने मुकादमाचं बोलणं अर्धवट सोडलं.

“विमान नाही आलं आज?” त्याने विचारलं.

“नाही. आता संध्याकाळचं नाही यायचं. समुद्रावरून जातं.”

“कधीपासून?”

“आजपासून.”

ती त्याचा श्वास ऐकत राहिली. किती महिन्यांनी इतका जवळून ऐकत होती. काम कधी गेलं, तिथे काय करताय, असं सगळं तिच्या जिभेवर आलं. एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर तो होता, आणि ती समुद्रापलीकडच्या माणसासाठी झुरत होती.

“नाझिया,” तो म्हणाला.

“तुमची पण अजान झाली,” ती हळूच म्हणाली. “नमाज पढून घ्या. मग करा फोन. मी जागी आहे.”

फोन बंद झाला. तिला अम्माकडे बघायचा धीर झाला नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांची गाडी आली, असं काहीतरी.

ताजबीने तिला सांगू दिलं नाही. तिची बोटं तसबीचे मणी एकेक करून सरकवत होती.

“मागल्या खोलीतली त्याची खाट पुसून ठेव,” ती म्हणाली. “गादीला उद्या ऊन दे.”