न छापलेल्या पानांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. लोक मला कचऱ्याची म्हणतात, पण माझ्या पोटात कधी साल-टरफल पडलेले नाही. मी कागदांची टोपली! एका बाईंनी वेत भिजवून, वाकवून मला विणले आणि एका लेखिकेने मला आपल्या टेबलाशेजारी बसवले. तिचे एकेक पुस्तक होईपर्यंत मी कितीदा तरी काठोकाठ भरत असे. पुस्तकात काय आहे ते साऱ्यांना कळे; काय नाही, ते फक्त मला!

एकदा तिची भाची आली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि तिला लिहायची भारी हौस. पहिलीच कथा तिने आणली होती.

"मोठ्यानं वाच," मावशी म्हणाली.

भाची वाचू लागली. सोनेरी किरणे, मंद वारा, आकाशाची निळाई...

"कथा कुणाची आहे गं?"

"आमच्या वॉर्डातल्या आजोबांची."

"मग ते आहेत कुठं?"

"येतात ना, तिसऱ्या पानावर."

"तोवर आम्ही काय करायचं? वारा खात बसायचं?"

भाचीचा चेहरा पडला. "मला नाही जमणार!" म्हणत तिने सगळी पाने चुरगाळून माझ्यात कोंबली आणि ती चपला घालू लागली.

मावशीने तिला अडवले नाही. "जाता जाता एवढं सांग, काय करायचे गं ते आजोबा?"

भाची दारातच थांबली. "ऑपरेशनला नेताना त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. म्हणाले, पोरी, नीट ठेव हं, उद्याचा पेपर वाचायचाय मला."

"ही झाली तुझी कथा. बस, लिही."

ती बसली. लिहायची, मोठ्याने वाचायची, जीभ अडखळली की खोडायची. मी भरत गेले, कथा आटोपशीर होत गेली. ती मासिकात छापून आली, तेव्हा मावशीने ती भाचीकडूनच ऐकली. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला. मित्रांनो, त्या दिवशी मी अभिमानाने फुगले!

पुढे घरात संगणक आला आणि मी माळ्यावर गेले. धूळ बसली, काठाचा वेत उसवला. भाचीनेच मला खाली काढले, वेत नव्याने विणून घेतला. आता मी तिच्या टेबलापाशी ताठ बसते.

म्हणून सांगते, लिहायला बसाल तेव्हा माझ्यासारखी एखादी जवळ असू द्या, तिला जपा. पान टाकताना जीव चुकचुकेल, तरी टाका. ते लिहिले नसते, तर पुढचे सुचलेच नसते.