दुपारची भाषा

त्सुनामी आली त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तमिळ मुलखातल्या आवडी गावी, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्र्यंबक सरपोतदारच्या दोन वर्षांच्या मुलीनं पहिलं अख्खं वाक्य उच्चारलं, ते असं: "माये, मज उदक दे."

पाणी मागितलं पोरीनं, आणि पळालं ते आईच्या तोंडचं.

कारण घरात पाण्याला उदक म्हणणारं कुणीच नव्हतं. त्र्यंबक कारखान्यात फोरमन, बायको अर्चना घरी, दोघंही साताऱ्याकडची. मुलगी ऊर्मी तीन महिन्यांची असताना एका संस्थेतून आणलेली. आईबाप कोण, ते संस्थेलाही ठाऊक नव्हतं. दत्तकाचा कोर्टातला शेवटचा हुकूम रखडत रखडत आता कुठे सोमवारवर आला होता. पोरीची जीभ तमिळकडे वळू नये म्हणून अर्चनानं कामाला बाई ठेवली नाही, टीव्हीवरही चादर टाकली. शुद्ध मराठीचा एवढा सोवळा कारखाना, आणि त्यातून निघाला हा माल!

त्र्यंबकनं ऑफिसातल्या कृष्णस्वामी रावांना घरी आणलं. तंजावूरच्या जुन्या मराठी घरातला माणूस. ऊर्मीचं बोलणं ऐकून ते खुर्चीतून उठलेच.

"अय्यो, त्र्यंबकराव! हें आमच्या पणजीचें बोलणें. आतां आमच्या घरींही असें कोणी बोलत नाहीं. कोठें शिकली?"

ते गेल्यावर अर्चना म्हणाली, "रक्त बोलतंय. काहीही शिकवा, ही जन्म देणाऱ्यांचीच राहणार. सोमवारी मी सही करणार नाही. परत देऊ."

"पोर म्हणजे काय साडी आहे, रंग गेला म्हणून परत द्यायला?"

"तुम्ही दिवसभर बाहेर. ऐकते मी एकटी."

शेवटी दोघं तिला अण्णा नगरला घेऊन गेले. डॉक्टर कमलिनी लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. ऊर्मीशी ठोकळे रचता रचता त्या म्हणाल्या, "रक्तातून तल्लख कान येतो, तापटपणा, लाजरेपणा येतो. तेही घरातल्या हवेवर फुलतं नाहीतर कोमेजतं. पण शब्द? ते रक्तातून येत नाहीत, अम्मा. तिच्याशी कुणीतरी बोलतंय. रोज बोलतंय."

बाईंनी सांगितलं ते धीर द्यायला. बसमध्ये अर्चना म्हणाली, "रोज? दिवसभर घरात माझ्याशिवाय असतं कोण?"

शुक्रवारी त्र्यंबक न सांगता दुपारीच घरी आला. वीज गेलेली, पंखा थांबलेला. आतल्या खोलीतून एक म्हातारा, तमिळ हेलाचा आवाज येत होता. त्र्यंबकनं दारामागची छत्री उचलली आणि डोकावून पाहिलं.

अर्चना चटईवर गाढ झोपली होती. डोळे मिटलेले, तोंड मात्र चालू.

"निजलीस काय, बाळे? कावेरीस पूर आला. होडी गेली. आतां एथेंच राहायचें."

ऊर्मी तिच्या छातीवर पालथी पडून, तिच्या ओठांवर बोटं ठेवून, चिमणीनं दाणे टिपावेत तसे शब्द टिपत होती. तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं आणि तेच बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

त्र्यंबकची पाचावर धारण बसली. सांगावं तर बायको स्वतःलाच भ्यायची. न सांगावं तर पोर जायची. चहाच्या वेळी त्यानं सांगून टाकलं.

"मी?" अर्चनानं बशी खाली ठेवली. "मी तर कावेरी पाहिलीसुद्धा नाही!"

"पण बोलत होतीस तूच. ती तुझ्याकडूनच शिकली."

अर्चनानं ऊर्मीला असं घट्ट उचललं की पोर किंचाळली.

"म्हणजे माझ्यावरच गेलीय की मेली!"

सोमवारी कोर्टात कारकुनानं बोट दाखवायच्या आत तिची सही झालीसुद्धा.

त्यानंतर सुट्टीच्या दुपारी त्र्यंबक व्हरांड्यात बसू लागला. आत दोघी बोलायच्या, एक झोपेत, एक जागी. कुणाची तरी वाट पाहताहेत, एवढं त्याला हळूहळू उमगायला लागलं. भाषा काही अवघड नव्हती. कानावर पडत राहिली की झालं. एका रविवारी दोन्ही आवाज एकदमच आले, "अहो, येतां नव्हे?"

"येतों," त्र्यंबक म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला उंबरठा ओलांडल्यावर कळलं.