अर्धी गोळी

शेवंतीकाकूंना दम्याचा जुना त्रास. मालवणच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली होती, पण ती महाग. गिरणीत असलेल्या मुलाची मनिऑर्डर घरखर्चातच संपे. मग काकू अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करून दिवस ढकलत.

त्या दिवशी होडीने खाडी ओलांडून, वाटेत बसत-उठत त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरांनी छाती तपासली.

"गोळी रोज घेता ना?"

"घेतंय तर."

"मग गुण का येत नाही? आता याहून जोराची लिहून देतो."

काकू घाईने म्हणाल्या, "डाक्टरांनू, लिवू नका. हीच गोळी माका परवडणा नाय. अर्धी अर्धी खातंय मी."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सांगूक लाज वाटली."

डॉक्टरांनी नवा कागद पुढे ओढला. "सरकारी दवाखान्यात यावरचं पातळ औषध फुकट मिळतं. कडू आहे, पण लागू पडेल. चिठ्ठी देतो."

काकू तिकडे जाऊन रांगेत टेकल्या. पाळी आल्यावर कंपाउंडरने विचारलं, "बाटली खंय आसा?"

बाटली घरून न्यायची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"उद्या येतंय," एवढंच म्हणून त्या पुन्हा होडीच्या वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची रिकामी बाटली धुऊन त्या परत आल्या. औषध मिळताच तिथल्याच बाकावर बसून त्यांनी सांगितलेला घोट पुरा घेतला. तोंड कडूजहर झालं. मग उठायची घाई न करता, भिंतीला पाठ टेकून, छाती मोकळी होईपर्यंत त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या.