आवळलेला जबडा

धाकटीला त्या कादंबरीतल्या नायकाचे दात पाडावेसे वाटत होते, आणि ती तसं रोज उघड बोलून दाखवायची. खरं तर ते एव्हाना आपोआपच पडायला हवे होते, कारण हा गृहस्थ दर दोन पानांआड जबडा आवळायचा. नायिका दिसली की आवळ, नायिका गेली की आवळ, तिची नुसती आठवण आली तरी खिडकीशी उभं राहून आवळ. लेखिकेने त्याला साधं नावही दिलं नव्हतं. तो नुसता 'तो' आणि ती नुसती 'ती'.

'हुरहूर तुझी अनावर' या कादंबरीने गाव खुळावलं होतं. औषधांच्या दुकानातला माणूस गोळ्या देताना एक डोळा पुस्तकात ठेवायचा. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची डावी बाजू कापली, मग प्रकरण संपवलं आणि नंतर उजवीकडे वळला. गिऱ्हाईकही तक्रार न करता पुढे काय झालं एवढंच विचारत होतं. बाकीचे निदान मनातल्या मनात वाचत होते. धाकटीच्या नशिबी ती मोठ्याने वाचणं आलं होतं, तेही हावभावांसकट.

ती नाट्यगृहांचे पडदे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. जाड मखमलीचे काठ तिथे हातानेच शिवायचे, त्यामुळे यंत्रांची खडखड नव्हती. पूर्वीपासूनची रीत अशी, की लांबलचक टेबलाभोवती बायका सुई चालवत बसायच्या आणि एकजण पुस्तक वाचायची. वाचणारीच्या वाट्याचा काठ बाकीच्या मिळून उरकायच्या. धाकटीला ही खुर्ची मिळाली ती आवाज खणखणीत म्हणून. तिने शिवलेला काठ ओढ्यासारखा वळणं घेत जायचा, हेही एक कारण होतंच.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची थोरली, तिची जाऊ. दोघी एका घरात राहायच्या, एकाच रस्त्याने कामाला यायच्या, फक्त मध्ये दिव्याच्या एका खांबाचं अंतर ठेवून. दोघींचा अबोला होता.

अबोल्याचं कारण दिवाणखान्यात टांगलेलं होतं. नणंदेच्या लग्नातला तो घरच्या मंडळींचा फोटो. फोटोवाल्याने धाकटीला नवरीशेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ती टेकते न टेकते तोच थोरली तरातरा आली, तिला दंडाला धरून उठवलं, कडेला पिटाळलं आणि त्या खुर्चीत स्वतः मान ताठ करून बसली. धाकटीचा तर एक कान फोटोबाहेरच राहिला. त्या दिवसापासून धाकटीने तोंडाला कुलूप घातलं. थोरलीनेही मग किल्ली शोधली नाही. घरातलं मीठ संपलं, की ते मांजराला उद्देशून जाहीर व्हायचं.

खरं सांगायचं तर धाकटीला थोरलीवाचून मुळीच करमत नव्हतं. पूर्वी दोघी संध्याकाळचा चहा एकत्र प्यायच्या आणि अख्ख्या कारखान्याच्या नकला करत पोट धरधरून हसायच्या. आता चहा तोच होता, पण घशाखाली उतरत नव्हता. पण आधी आपण का म्हणून बोलायचं?

तर कादंबरी. नायिका स्टेशनवर 'त्या'ला एका बाईला मिठी मारताना बघते. ती बाई त्याची सख्खी बहीण असते, आणि वाचकाला हे त्याच पानावर कळतं! नायिकेला मात्र कळत नाही, कारण ती विचारत नाही. तडक दुसऱ्या शहरी जाते आणि पियानो शिकते. तोही सांगत नाही. खिडकी आणि जबडा, एवढाच त्याचा उद्योग.

त्या दिवशीच्या प्रकरणात दोघं एका लिफ्टमध्ये अडकली होती. धाकटीला वाटलं, आता तरी सुटेल! सबंध प्रकरणभर नायिका त्याच्या बुटांकडे बघत राहिली आणि त्याने काय केलं असेल ते सांगायला नको. धाकटीचं डोकंच फिरलं. आवाजात जराही फरक न करता ती पुढे वाचू लागली,

"ती म्हणाली, 'अहो, स्टेशनवरची ती बाई कोण?' तो म्हणाला, 'बहीण.' ती म्हणाली, 'अस्सं होय!' लिफ्ट सुरू झाली. त्यांचं लग्न झालं. समाप्त."

आणि तिने पुस्तक फाटकन मिटलं.

इस्त्रीवाल्या काकूंच्या इस्त्रीखालून करपल्याचा वास येऊ लागला.

"संपली?" काकू रडवेल्या झाल्या. "अगं, मी शेवटासाठी मोठा रुमाल आणून ठेवला होता!"

"पण अजून केवढी जाड उरलीय," कामावर देखरेख करणारी चष्मेवाली म्हणाली.

"मागे जाहिराती आहेत," धाकटीने ठोकून दिलं.

"मग ठेव ती बाजूला आणि सुई घे," चष्मेवालीने फर्मावलं.

पुस्तक संपलं की वाचणारीची खुर्चीही जाणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती उठणार, एवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"असं नाहीये त्यात."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. थोरली बोलली होती, आणि समोर मांजर नव्हतं.

"मी दोनदा वाचलीय," थोरली मखमलीकडे बघत म्हणाली. "ती विचारत नाही. लिफ्टमध्ये तर नाहीच नाही."

"का नाही विचारत?" धाकटी कडाडली. "जीभ काय गहाण टाकलीय? एक वाक्य बोलायचंय, एक! विचार ना गं बये!"

"तिला वाटतं, त्याने आपणहून सांगावं."

"आणि तो का सांगत नाही?"

"विचारल्याशिवाय काय सांगायचं? आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून वाट बघत उभा राहतो मेला खिडकीशी."

काकू एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या आणि मोठा रुमाल चाचपत होत्या.

"ताई," धाकटी म्हणाली, आणि तिचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. "फोटोच्या वेळी मला का उठवलंत?"

"खुर्चीचा पाय मोडका होता."

"काय?"

"तू धप्पकन बसतेस! सगळ्या पाहुण्यांसमोर उताणी पडली असतीस. सांगणार तर फोटोवाला 'हलू नका' म्हणून ओरडला. नवरीशेजारची खुर्ची रिकामी कशी ठेवायची? मी बसले म्हणजे काय, अधांतरीच होते. सगळा भार मांड्यांवर! दोन दिवस जिना चढवेना मला."

"मग नंतर सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

काकूंनी रुमालात तोंड खुपसून भोकाड पसरलं. चष्मेवालीने चष्मा पुसला आणि, पुस्तकापेक्षा हे बरं होतं, पण पडदे कोण शिवणार, असं बजावलं. धाकटी निमूटपणे पुस्तक उघडून लिफ्टमध्ये परत गेली.

संध्याकाळी दोघी खांबाचं अंतर न ठेवता घरी गेल्या आणि चपलाही न काढता फोटोसमोर उभ्या राहिल्या. धाकटीने इतके दिवस जो तोरा म्हणून पाहिला होता, तो तोरा नव्हताच. ताठ मान, फुगलेल्या नाकपुड्या, कपाळावर घाम, आणि जबडा असा आवळलेला, की बघणाऱ्याच्या दाढा दुखाव्यात. हे सगळं आपण पडू नये म्हणून! धाकटी हसत सुटली. हसता हसता रडली, मग थोरलीही तेच करू लागली. मांजर उठून दुसऱ्या खोलीत निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी फोटोतल्या आवळलेल्या जबड्याची नक्कल टेबलाभोवती करून दाखवून झाली आणि मग वाचन पुढे सुरू झालं. नायक एका मेजवानीत नायिकेसमोर जेवायला बसला होता.

"'तिला पाहताच,'" धाकटीने वाचलं, "'त्याने जबडा आवळला.'"

या वेळी दातांचा विषय तिने काढलाच नाही.

काकूंनी इस्त्री उभी केली आणि कळवळून म्हणाल्या, "अगं, कुणीतरी त्याच्या खुर्चीचा पाय बघा गं!"