मागे सरकलेला खांदा

गाल्सनला मोटारसायकलवरून आणलं तेव्हा मी दुलमाताईंच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूत, चुलीपाशी बसून चहात मीठ ढवळत होते. बाहेरून "कुत्रं धरा!" अशी पाहुणे देतात ती हाक आली आणि पाठोपाठ त्याचा मेहुणा त्याला कमरेत धरून आत घेऊन आला. गाल्सन म्हणजे आमच्या खोऱ्यातला सगळ्यात तगडा पैलवान. उन्हाळ्यातल्या नादाम जत्रेच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या, आणि हा गडी उजवा हात पोटाशी दाबून, चेहरा पांढराफटक करून उभा.

"काय झालं रे?" दुलमाताईंनी विचारलं.

"घोड्यावरून पडला," मेहुणा म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? त्याला बोलू दे की."

"पडलो, मावशी," गाल्सन म्हणाला. तोंडात काहीतरी असल्यासारखा तो बोलत होता. "घोडा बुजला."

"कुठला घोडा?"

"तो... तपकिरी."

दुलमाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याला पलंगाच्या कडेला बसवून त्याच्या लांब झग्याची, देलची, बाही खाली सरकवली. हाडं बसवण्याची विद्या त्यांना वडिलांकडून आली होती, आणि ती सगळी त्यांच्या बोटांत होती. काम करताना त्या डोळे मिटत. कोपर चाचपलं, ते ठीक होतं. मनगट ठीक. मग खांद्यावर हात गेला आणि तिथेच थांबला.

"हात बाहेर फिरव बघू. मोठ्या माणसाला तपकिरीची बाटली देतोस तसा तळवा वर कर."

त्याने प्रयत्न केला. हात आतल्या बाजूला वळलेलाच राहिला, कुलूप लागल्यासारखा.

"नोरोव, चहा राहू दे. इकडे ये, याचं मनगट धर आणि मी सांगते तसं ओढ. झटका देऊ नकोस."

मी ओढू लागले. त्या त्याच्या पाठीमागे गुडघ्यावर बसल्या, दोन्ही अंगठे खांद्याच्या मागच्या बाजूला रोवले आणि हळूहळू पुढे रेटू लागल्या. गाल्सन दातओठ खात होता. मग आतून एक जड, बोथट आवाज आला, आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या तोंडावर वारा आला.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. खांदा बसवल्यावर हात छातीशी गुंडाळून बांधतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दुलमाताईंनी तसं केलं नाही. त्यांनी काखेत नमद्याची गुंडाळी घातली, कोपर दुमडलं आणि हात अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून काठीला बांधला. गाल्सन निघाला तेव्हा कुणालातरी दार दाखवत असल्यासारखा दिसत होता.

"असाच ठेवायचा. सोडायचा नाही. आणि कुस्ती यंदा नाही," त्या म्हणाल्या.

मोटारसायकलचा आवाज टेकडीआड गेल्यावर त्यांनी हात धुतले. "पोरगा खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"खांदा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला गोळा, नोरोव. चहूकडे फिरतो, म्हणून निसटतोही. पण घोड्यावरून पडणारा माणूस हात टेकतो, आणि मग गोळा पुढे निसटतो. माझ्याकडे आलेले बहुतेक सगळे तसलेच. याचा मागे गेलाय. कुणीतरी समोरून अंगावर येऊन रेटल्याशिवाय मागे जात नाही."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

गेरच्या पश्चिमेच्या भिंतीवर त्यांच्या मुलाची, दामदिनची, कुस्तीची निळी बंडी टांगलेली होती. त्यांची नजर तिच्यावर गेली आणि लगेच खाली वळली. गाल्सन नसेल तर या खोऱ्यात पहिला येणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळी दामदिन मेंढरं घेऊन परतला. आईने वाडगा पुढे केला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. आमच्यात असं करत नाहीत.

"उजव्याला काय झालं?"

"खुंटा ठोकताना लागलं."

"बघू."

"काही नाही गं आई."

त्यांनी हात ओढून घेतलाच. अंगठ्याचं मूळ सुजलं होतं. तिथला सांधा खोगिरावर स्वार बसावा तसा असतो. पुढे झुकतो, मागे रेलतो, कडेला कलतो. म्हणून तर आपण लगाम धरू शकतो आणि दुसऱ्याची बंडीही मुठीत पकडू शकतो. तो स्वार कुणीतरी हिसकून खाली ओढल्यासारखा दिसत होता. ठोकलेल्या बोटावर निळं पडतं, नख काळं होतं. इथे तसलं काहीच नव्हतं.

"गाल्सनचा खांदा निघाला, कळलं का तुला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कळलं," दामदिन म्हणाला आणि चहा न पिताच उठला.

त्या दिवसापासून त्या गेरमध्ये बसवत नव्हतं. दुलमाताई मुलाच्या पाठीकडे बघत राहायच्या. तो घोड्यावर खोगीर कसं कसतो, कुठल्या हाताने दोर ओढतो, सगळ्यावर त्यांची नजर. तो आला की बोलणं थांबायचं. आणि खरं सांगते, मलाही तो वेगळाच दिसायला लागला होता. लहानपणापासून बघितलेलं पोर, पण आता वाटायचं, याचे डोळे असे कधीपासून झाले?

इकडे विहिरीवर वेगळंच शिजत होतं. गाल्सनची आई, चिमेदवहिनी, घरंगळत येणाऱ्या दगडासारखी बाई. जिला तिला थांबवून सांगायची, "बघितलात माझ्या पोराचा हात? चोराला बांधतात तरी बरा! पोटचा पोर कुस्तीत उतरायचाय ना तिचा, मग माझ्या पोराचा खांदा ती सरळ कशी बसवेल?"

"वहिनी, मी स्वतः धरला होता हात," मी म्हटलं.

"तू तिच्या चहावर जगतेस, तू काय बोलणार!"

लोकांना ते पटलं. त्या आठवड्यात पाय घोट्यात मुरगळलेलं एक पोर दुलमाताईंच्या दारावरून पुढे, सरळ जिल्ह्याच्या गावी नेलं. त्यांनी ती गाडी जाताना पाहिली. सगळं गाव त्यांच्यावर संशय घेत होतं आणि त्या मुलावर.

शेवटी मेंढी कापायचा दिवस आला. आमच्यात हाड तोडत नाहीत. सांधा शोधायचा, सुरीचं टोक आत घालायचं, की तुकडा आपोआप सुटतो. मायलेक समोरासमोर बसले होते. मी आतडी धूत होते. दुलमाताईंनी मागचा पाय गुडघ्यातून सोडवला.

"हा बिजागरीचा. उघडतो आणि मिटतो, बस. याला लबाडी जमत नाही," त्या म्हणाल्या. मग पुढच्या पायाचा खांदा उचलला आणि गोल फिरवला. "हा मात्र कुठेही वळतो. दामदिन, गाल्सनचा खांदा तूच काढलास ना?"

दामदिनची सुरी थांबली.

"सरावात झालं असेल तर तसं सांग. मुद्दाम केलं असशील तर तेही सांग. पण सांग."

"तुला असं वाटतं?"

"त्याचा खांदा, तुझा अंगठा. दोघंही खोटं बोलता. मी काय समजू?"

त्याने सुरी पुसून म्यानात घातली. मान हलवली, नुसती नाही म्हणण्यापुरती. "आई, मी शब्द दिलाय. यापुढे एक अक्षर बोलणार नाही." तो घोड्यावर बसून निघून गेला तो परतलाच नाही. उन्हाळी कुरणावर मामाकडे राहिला.

अर्धी मेंढी तशीच पडली होती. दुलमाताईंनी तो खांदा पुन्हा हातात घेतला.

"शब्द दिलाय म्हणाला," त्या म्हणाल्या. "कुणाला दिला असेल, नोरोव? ज्याचा हात मोडायचा त्याला कुणी शब्द देतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गाल्सनच्या गेरकडे गेलो. चिमेदवहिनी दारातच उभी.

"राहिलेला हातही वाकडा करायला आलीस?"

"खांदा बघायला आले," दुलमाताई म्हणाल्या.

पाहुणीला दारातून परत पाठवता येत नाही. चिमेदवहिनीने चहा दिला, पण भांडं आदळून. गाल्सनने एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा आक्रसला. खारट, गरम चहा त्याने तोंडाच्या एका कोपऱ्यात धरला, मग कसाबसा गिळला. दुलमाताईंनी वाडगा खाली ठेवला.

"वहिनी, थोडी साय आहे का गं? खांद्याला चोळायची."

साय बाहेरच्या गाडीत होती. चिमेदवहिनी पुटपुटत बाहेर गेली तशा त्या पुढे सरकल्या. "तोंड उघड."

"कशाला, मावशी?"

"उघड म्हणते ना!"

जिभेची कड एका बाजूला चावून फाटलेली होती, आता भरत आलेली. मी पाहिली आणि मला काही उमजलं नाही. दुलमाताईंना उमजलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"घोडा नव्हता. कुस्तीही नव्हती. तुला फेफऱ्याचे झटके येतात."

गाल्सन एवढा आडदांड, पण लहान मुलासारखा खाली बघत राहिला. "हिवाळ्यात पहिल्यांदा आला. मला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आलो की जीभ फाटलेली आणि अंग ठेचल्यासारखं. त्या दिवशी नदीकाठी दामदिन सोबत होता. तो म्हणतो, मी असा ताठ झालो की खांद्याचा आवाज त्याला ऐकू आला. मी पाण्यात घसरत होतो. त्याने ओढून काढलं, तेव्हा मी त्याचा अंगठा पिळला म्हणे. मीच त्याला शपथ घातली. मावशी, कळलं तर मला कुस्तीत कोण घेईल? घोडे कोण सोपवेल माझ्यावर?"

दुलमाताईंनी त्याच्या काठीची गाठ पुन्हा घट्ट केली.

"हाड मी बसवते. हे माझ्या हातातलं नाही, याला डॉक्टर लागतो. आणि आईला तू सांगायचंस. मी नाही."

तेवढ्यात चिमेदवहिनी साय घेऊन आली. आमचे चेहरे बघून ती भडकलीच. "काय कुजबुजता? माझ्या पोराचा हात कायमचा गेला ना? कबूल कर!"

मला राहवेना. मी तोंड उघडलं, तशी दुलमाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. त्या शांतपणे खांद्याला साय चोळत राहिल्या. चिमेदवहिनी बोलतच होती. नको नको ते बोलली, त्यांच्या मेलेल्या वडिलांनाही सोडलं नाही. त्या ऐकत होत्या. शेवटी गाल्सनच ओरडला, "आई, बस कर! यांनी काही केलं नाही."

आणि त्याने सगळं सांगितलं. चिमेदवहिनीच्या हातातला सायीचा वाडगा तसाच तिरका राहिला आणि साय तिच्या देलवर ओघळत गेली.

जिल्ह्याच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की खांदा जागेवर आहे, समोरच्या कडेला गोळ्याला एक खोक पडली आहे, ती भरेल. हात असा बाहेर वळवून बांधला हे बरं झालं, असंही म्हणाला. झटक्यांसाठी गोळ्या दिल्या. एकट्याने घोडा नाही, मोटारसायकल नाही, नदी नाही. कुस्तीचं पुढे बघू म्हणाला, पण गाल्सनला त्याचा अर्थ कळला.

नादामला दामदिन उतरला आणि दुसऱ्याच फेरीत पडला. समोरच्याची बंडी त्याच्या मुठीत राहीना. गाल्सन कडेला बसून त्याच्या नावाने ओरडत होता. कुस्ती झाल्यावर दुलमाताई मुलाजवळ गेल्या. मी जरा मागेच थांबले.

"मी चुकले, बाळा."

"तू मला विचारलंच नाहीस, आई. आधीच ठरवून टाकलंस," तो म्हणाला. "गाव काहीही बोललं असतं. पण तू?"

त्यांनी देलच्या टोकाने त्याच्या कपाळावरची माती पुसली. त्याने पुसू दिली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

विहिरीवर मात्र चिमेदवहिनीने कुणाला बोलायची सोयच ठेवली नाही. पोराच्या आजाराचं तिनेच सगळ्यांना सांगितलं, त्याच चढ्या आवाजात, भांडत असल्यासारखं. "आणि दुलमाबद्दल मी जे बोलले ते माझं तोंड होतं, दुसरं काही नाही!" माफी मागायची तिची रीत हीच. लोक हळूहळू पुन्हा मुरगळलेले पाय घेऊन यायला लागले.

शरद ऋतूत गाल्सनला घोड्यांचा कळप डोंगरापलीकडे न्यायचा होता आणि एकट्याला जायची बंदी. दामदिन म्हणाला, मी जातो सोबत. म्हणजे हिवाळ्याच्या आधीची सगळी कामं दुलमाताईंच्या एकटीच्या अंगावर.

"जा," त्या म्हणाल्या. खोगिराच्या पिशवीत आरूल, वाळवलेल्या दह्याच्या वड्या, भरलं, गाल्सनच्या गोळ्यांची पुडी दामदिनच्या छातीशी ठेवली आणि दोघं निघाल्यावर, सुखरूप परतावेत म्हणून, त्यांच्या वाटेवर दूध शिंपडलं.

त्या दोघांचे घोडे अगदी एकमेकांना लागून चालले होते. दुलमाताई भांडं हातात धरून उभ्या राहिल्या. वारा बोचरा होता. "चला आत," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "थांब गं जरा. त्याने वळून बघितलं तर?"