चुलवणाची कड

फुटक्या कौलांची लाल भुकटी. बंगल्यामागचा फणस, त्याच्याखाली ऊन पोचत नाही. पौषातला गारठा. भिजवलेली गोणपाटं. एक खिळा.

तो खिळा रावजी ओव्हरसियरांनी पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर ओढला. रेघ खोल गेली. बोटांना ओलसर भुगा लागला.

"सात दिवस झाले, केरू. अजून नखाने उकरतंय. सिमिट कुणाला विकलंस?"

"विकलं नाय, सायबानू." केरू गवंडी गोणपाट सारखं करत राहिला. "तुमच्याम्होरंच माल कालवला. सिमिटात ही कौलांची भुकटी, सुरखी, तुमच्याच मापानं घातली. हितं सावली, वर थंड पाणी. गारठ्यात सुरखीचा माल दमानं धरतो. ऊब लागली की बगा."

"कालवला माझ्यासमोर. पोती कुठे माझ्यासमोर फोडलीस?"

काम लवकर उरकावं म्हणून पोती केरूने पहाटेच फोडून ठेवली होती.

"उद्या पहार लावून सगळं फोडतो. मग रत्नागिरीत तुला काम कोण देतो, बघू."

घमेली वाहणाऱ्या मथुरेने, केरूच्या बायकोने, डोक्यावरची चुंबळ काढून ठेवली आणि ती घराकडे चालू लागली. तासाभराने परतली तेव्हा पदरात काहीतरी जड होतं.

"ह्यो तुकडा त्याच मालातला, त्याच दिवशीचा. न्हाणीतल्या चुलवणाची कड लिंपली व्हती. रोज जाळ असतो. फोडून आणला."

केरूने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

रावजींनी तुकड्यावर खिळा ओढला. काजळी तेवढी निघाली. पुन्हा जोर लावून ओढला. खिळ्याचं टोक वाकलं.

"त्याच मालातला? नक्की?"

"वाडीच्या राखण्या महापुरुषाची आन."

रावजींनी तुकडा स्लॅबशेजारी धरला. तोच लालसर रंग.

"स्लॅब राहू दे," ते म्हणाले. केरूचे खांदे सैल झाले. रावजींनी तुकडा रुमालात बांधला. "पण कामावरचा माल घरी जातो, हे आज कळलं. घमेलं नेणारा पोतंही नेतो. उद्यापासून दोघांनी यायचं नाही."

"सायबानू, तो माल तर..." मथुरा म्हणाली.

"पुरे."

केरूने गोणपाटावर शेवटचा तांब्या ओतला.

स्लॅब घातला त्या दिवशी घमेल्याच्या तळाशी ओंजळभर माल उरला होता. 'फेकून दे तो,' असं रावजींनीच मथुरेला सांगितलं होतं.