टाकीवरची दुपार

बोटाच्या टोकावर तेलाचा काळपट थेंब, आणि त्या थेंबात चमकणारे कण — सोनेरी, इतके बारीक की बोट उन्हाकडे थोडं कलतं केल्याशिवाय दिसू नयेत. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून तिनं पाहिलं. खरखर लागली नाही. लोखंडाचा कीस असता तर गिअरबॉक्सच्या बुचातल्या चुंबकानं तो केव्हाच धरला असता, बुचाला मिशा फुटल्या असत्या. पण बूच स्वच्छ होतं आणि तेल मात्र चमकत होतं. म्हणजे आतलं पितळेसारख्या गनमेटलचं चाक झिजतंय, त्याच्या दात्यांचा भुगा होऊन तेलात उतरतोय. हे कळायला तिला इतका वेळ लागायचं काही कारण नव्हतं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात यंत्रांच्या देखभालीत तिची उमर गेली होती, त्यातली बरीचशी पर्यवेक्षक म्हणून, आणि असं तेल बघून निकाल द्यायला तिला एरवी चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे. तरी ती बोट उन्हात धरून उभी राहिली, जणू अजून थोडं पाहिलं तर ते कण आपोआप विरघळून जातील...

समोर फिटर उकिडवा बसला होता, फडक्याला हात पुसत. इतक्या वर्षांच्या सहवासात कधी बोलायचं नाही हे त्याला नेमकं कळायला लागलं होतं, आणि आज त्याचा तिला थोडा रागच आला.

टाकी गोल होती, चांगली मैदानाएवढी. नदीचं गढूळ पाणी तुरटी पिऊन इथं यायचं आणि शांत पडून राहायचं. गाळ तळाशी बसायचा, वरचं निवळलेलं पाणी काठाकाठाच्या पन्हाळीत सांडून पुढे वाळूच्या गाळण्यांकडे जायचं. आणि टाकीवर, मधल्या खांबापासून काठापर्यंत, एक लोखंडी पूल — त्याला सगळे ब्रिजच म्हणत — घड्याळाच्या काट्यासारखा फिरत राहायचा, तळाशी टेकलेल्या फाळांनी गाळ मधल्या खड्ड्याकडे लोटत. इतका सावकाश, की नवख्या माणसाला वाटावं हा बंदच पडलाय. आज तो खरोखरच बंद होता, तिनंच बंद करवला होता. आणि आज संध्याकाळच्या आत मोठ्या साहेबांना तिनं सांगायचं होतं — गिअरबॉक्स दुरुस्त करून ब्रिज ठेवायचा, की सगळाच उचलून भंगारात काढायचा आणि टाकीत त्या तिरक्या प्लेटा बसवायच्या, ज्यांना फिरायची गरजच नसते. साहेब फोनवर म्हणाले होते, तुम्ही म्हणाल तसं, मशिनरीत तुमचा शब्द शेवटचा. साहेबांचं काय जातं म्हणायला. नदी गढूळ व्हायला आता फार दिवस उरले नव्हते, आणि ऐन त्या दिवसांत ब्रिज गाळात रुतून बसला की अर्ध्या शहराच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी येणार, आणि ते कुणामुळे आलं हे विचारायला कुणालाही लांब जावं लागणार नव्हतं.

दुसरं कुठलंही यंत्र असतं तर निकाल केव्हाच लागला असता. केंद्रातली माणसं मागून तिला ‘भंगारवाली’ म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून ते तिला आवडतही असे. यंत्राची माया धरणारा पर्यवेक्षक म्हणजे पेशंटच्या प्रेमात पडलेला डॉक्टर, असं ती नव्या पोरांना सुनवायची. जुने पंप, गळके व्हॉल्व्ह, पूर्वजांची आठवण म्हणून जपलेले पॅनेल — तिनं सगळ्यांना वाटेला लावलं होतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तरी. आणि आता तीच काठावर उभी राहून तेलाचा थेंब न्याहाळत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ती ब्रिजवर चढली. मधल्या खांबाचं बेअरिंग बघायचं, असं तिनं फिटरला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पावलं बाहेरच्या टोकाशी, कठड्याच्या खालच्या दांडीपाशी थांबली. इथेच. ती सहा-सात वर्षांची असेल तेव्हा. बाबा याच टाकीवर ऑपरेटर होते, आणि त्या दिवसांत शाळा सुटली की ती घरी न जाता इथे यायची — आई बरी नव्हती, मावशीकडे गेली होती, असं तिला सांगितलेलं — आणि दुपारभर या टोकाला पाय खाली सोडून बसायची. ब्रिज फिरायचा आणि तिच्याबरोबर सगळं जग फिरायचं: आधी पंपघराची भिंत, मग निलगिरीची रांग, मग वॉचमनची खोली, तिच्या दारातली वाळत घातलेली खाकी पँट, मग तुरटीचं गोदाम, आणि पुन्हा पंपघर. पाण्यावर आभाळ पडलेलं असायचं. पाटीवर ती पाढे लिहायची, नऊचा पाढा निलगिरीपाशी सुरू केला की गोदामाशी संपायचा. बाबा शेजारी उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशानं पन्हाळीतलं शेवाळ खरवडत जायचे, ब्रिज फिरेल तसे तेही गोल — आणि तो जड दांडा एका हातानं चालवायचे, एकाच! तिनं शाळेत सांगितलं होतं, माझे बाबा एका हातानं करतात, दुसऱ्या माणसाला दोन्ही हात लागतात. कुणाचा विश्वास बसला नव्हता. वर्गातल्या एकीशी तिनं त्यावरून कितीतरी दिवस कट्टी धरली होती.

त्यानंतर कितीतरी दुपारी आल्या आणि गेल्या, लग्नानंतरच्या, मुलाच्या आजारपणातल्या, बढतीच्या... पण सुख म्हटलं की तिला ते टोकच आठवायचं. का बरं? तिथे तर काहीच घडलं नव्हतं. नुसतं बसायचं आणि कुणीतरी आपल्याला फिरवत न्यायचं. तिला कशाचंच उत्तर द्यायचं नसायचं, नऊच्या पाढ्याशिवाय. पुढे नोकरीचे तीन पर्याय समोर होते तेव्हा तिनं हे केंद्र धरलं, आणि मुलाखतीत पाण्याच्या सेवेबद्दल बरंच काही बोलली. खरं म्हणजे मला या टोकाशी परत यायचं होतं, एवढंच. ब्रिज गेला की ते गेलंच. प्लेटांवर कुणी बसत नाही.

“मॅडम,” फिटर शेवटी बोलला, ब्रिजच्या पायरीशी येऊन, “चाक नवं ओतून आणू आपण. पण मधलं बेअरिंगपण गेलंय. फिरताना ब्रिज हिसका देतो, तुम्हीच मागं म्हणाला होता.”

मी म्हणाले होते. विसरले नव्हते. तिनं त्याला सांगितलं की नवं तेल भरून ठेव, जेवून आल्यावर एक फेरी चालवून बघू. हे म्हणजे चालढकल होती. फिटरलाही ती कळली, कारण तो “बरं” म्हणाला आणि त्या “बरं”मध्ये मान हलवणं नव्हतं.

घर केंद्राच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. बाबा आता तिच्याकडेच असत. आज ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी स्टूल टाकून नळ खोलून बसलेले, वायसर तळहातावर. आयुष्यभर शहराला पाणी पाजलेल्या माणसाच्या घरचा नळ गळतो म्हणजे काय, हे ते दर आठवड्याला एकदा म्हणत आणि दर आठवड्याला तो नळ खोलत, त्यामुळेच तो गळतो असा तिच्या नवऱ्याचा सिद्धान्त होता. तिनं ताट वाढून घेतलं आणि खाता खाता सांगून टाकलं — तेल, चाक, बेअरिंग, साहेब. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून. तिला वाटत होतं, आता यांचा चेहरा उतरेल. त्यांच्या डोळ्यांसमोर तो ब्रिज उचलायचा म्हणजे... खरं तर तिला तेच हवं होतं. बाबांसाठी ठेवला, असं मनाशी म्हणता आलं असतं. बाबांनी वायसर उजेडाकडे धरलं आणि विचारलं, मग अडलंय कुठे?

तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, तुमची सगळी नोकरी त्याच्यावर गेली म्हणून.

“म्हणून काय? मला तो ब्रिज कधीच आवडला नाही,” बाबा म्हणाले. “गरगरायचं मला त्याच्यावर. बदली मागितली होती मी दोनदा.”

तिला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. ती म्हणाली, पण मला घेऊन रोज दुपारी तुम्ही तिथेच तर असायचात, किती छान वाटायचं.

“तुला वाटत असेल.” त्यांनी वायसर ओट्यावर ठेवलं. “तुझी आई दवाखान्यात. शेजारीण दोन दिवस बघेल, चार दिवस बघेल. तुला ठेवू कुठे? खोलीत कोंडून ठेवलं तर रडायचीस, काठावर सोडलं तर धावायचीस. म्हणून माझ्याजवळ बसवायचो. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात तुझ्या फ्रॉकचा पट्टा, मागून, घट्ट. दुपारभर पोटात गोळा. रात्री बोटं सरळ व्हायची नाहीत.”

“मला हात आठवत नाही,” ती म्हणाली.

“कसा आठवेल? तू पाणी बघत होतीस.”

आणि ते पुन्हा नळाकडे वळले. त्यांना त्यात काही विशेष सांगितल्यासारखं वाटलंच नव्हतं. एका हातानं... म्हणजे ते ताकदीचं कौतुक नव्हतंच, दुसरा हात मोकळाच नव्हता. आणि ज्या मुलीशी कट्टी धरली, ती बिचारी एका अर्थी बरोबर होती, हात दोन्ही लागत होते. तिला लाज वाटली आणि कुठेतरी रागही आला — कुणीतरी विचारल्याशिवाय घरात शिरून सगळं सामान हलवून ठेवावं तसा. माझी सगळ्यात निवांत दुपार म्हणजे त्यांची सगळ्यात वाईट दुपार. दवाखान्यात आई, पायाखाली फिरणारं लोखंड, हाताला लटकलेली पोर, आणि ती पोर खुशाल पाढे म्हणतेय. त्यांनी मला कळू कसं दिलं नाही? इतकी वर्षं? आईही बरी होऊन आली होती पुढे, कितीतरी वर्षं होती, तीसुद्धा कधी बोलली नाही. किंवा तिलाही ठाऊक नसेल. बाबांनी तिला काय सांगितलं असेल, संध्याकाळी दवाखान्यात जाऊन — पोरगी मजेत आहे, एवढंच.

ती परत आली तेव्हा ऊन पंपघराच्या भिंतीवरून उतरायला लागलं होतं. फिटरनं तेल भरलं होतं. तिनं त्याला काठावरच थांबायला सांगितलं, मोटरपाशी, आणि एकटी ब्रिजवर गेली. खटका पडला, ब्रिज कण्हला, अडखळला, आणि चालायला लागला. मधल्या खांबाशी हिसका बसला, तळव्यांना कळण्याइतका. ती मोजमाप घ्यायला आली होती, कान लावायला आली होती, आणि सवयीनं ते करतही होती — गिअरबॉक्सचा घरघराट, चाकाचं कचकचणं, पुन्हा हिसका. पंपघर गेलं. निलगिरीची रांग आली, त्यातली आता दोनच झाडं उरली होती. ती वाट बघत होती; नेहमी यायचं ते इथे यायचं, इथेच, झाडांपाशी — ते निवांतपण, अंग सैल पडणं. आलं नाही.

तिनं कंबरेपाशी, पाठीच्या मधोमध, लक्ष लावून पाहिलं. पट्टा तिथेच असणार. ओढ बसत असणार, पुढे वाकलं की. एक क्षण तिला वाटलं, आहे — काहीतरी आवळल्यासारखं... पण ते आठवलं की आत्ता ऐकून बनवलं, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि बाबांना विचारून तरी काय कळणार, हात त्यांचा होता. तिनं खाली पाहिलं. कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये चांगलं मोठं अंतर होतं. सहा वर्षांचं मूल सहज निसटेल इतकं. इतक्या वर्षांत सुरक्षिततेच्या किती पाहण्या केल्या होत्या तिनं, हे अंतर ठीक आहे म्हणून किती वेळा सही केली होती. पाणी वरून निवळ, हिरवट, आणि त्याच्याखाली माणसाला उभं राहता येणार नाही इतकी खोली, आणि तळाशी मऊ गाळ, आणि गाळातून फिरणारे फाळ.

काठावरून फिटरनं हात वर करून विचारलं, काय? — थांबवू की चालू देऊ? त्याच्या त्या हाताला उत्तर द्यायचं होतं, साहेबांनाही द्यायचं होतं, आणि ती देणार होती, आत्ता, थोड्या वेळात. पण गोदाम जवळ येत होतं, ब्रिजनं पुन्हा हिसका दिला, आणि त्या टोकाला ती पोर पाय पाण्यावर सोडून बसली होती, पाटीवर मान वाकवून, मागे कुणी आहे का हे एकदाही न बघता. आणि मला पहिल्यांदाच तिच्या जागी बसावंसं वाटलं नाही, पोटात गोळा आला माझ्या, आणि मी कठडा सोडून तिच्या दिशेनं हात पुढे केला.